बैलगाडीतून मोजलेला ड्रायव्हर

नागपूरला परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "पुण्याकडे गेली होतीस ना? शनिवारवाडा पाहिलास? पर्वती चढलीस?" मी नाही म्हणते. "मग आठ दिवस केलंस तरी काय?" दोन मोटार ड्रायव्हरांचे हातपाय बघत बसले होते, असं सांगितलं की समोरचा माणूस विषय बदलतो. आईनं तर बजावलंच आहे की हे बाहेर कुणाला सांगत बसू नकोस, तुझं लग्न व्हायचंय अजून. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकते आणि मोकळी होते.

मी इथल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आमच्या विभागातल्या सरांना गेली दोन वर्षं एकच ध्यास लागला आहे. अमका ड्रायव्हर चांगला, तमका वाईट, असं आपण सगळेच म्हणतो, पण मोजत कुणीच नाही. सरांनी मोटार चालवण्याचे पाच भाग पाडले: नजर, वेग, ब्रेक, भोंगा आणि हात. प्रत्येकाला एक रकाना, प्रत्येक रकान्याला गुण. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, सेकंदाचं घड्याळ हातात धरायचं आणि बघत, लिहीत राहायचं. मग दोन तक्ते शेजारी ठेवले की कोण वरचढ ते लख्ख दिसतं. मला ही कल्पना इतकी आवडली होती की मी टांगेवाल्यालासुद्धा गुण देऊ लागले होते.

अशात माझी मैत्रीण कुसुम हिचं चिंचवडहून पत्र आलं. तिचे यजमान पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. त्या कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणाऱ्या दोन मोटारींच्या मालकांना आपल्या ड्रायव्हरांची पारख करून हवी होती. चैत्र महिना, कॉलेजच्या परीक्षा आटोपलेल्या. मी ट्रंक भरली.

चिंचवड, पहिला दिवस

आगगाडीच्या कंटाळ्याबद्दल लिहीत नाही, तो सगळ्यांना ठाऊक आहे. कुसुमनं आल्याआल्या पन्हं दिलं आणि जेवायला बाजरीची भाकरी वाढली. आम्हां नागपूरकरांना उन्हाळ्यात बाजरी म्हणजे अंगाचा भडका. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "खा गुपचूप, इथलं पाणी थंड आहे." दोन दिवसांत मी तिसरी भाकरी मागून घेऊ लागले.

संध्याकाळी आम्ही पिंपरीला गेलो. तिथे सिंधी निर्वासितांची वसाहत आहे. एका दुकानात कापड बघताना मी पाणी मागितलं, तर दुकानदाराच्या आईनं आधी भाजलेला पापड हातावर ठेवला आणि मग पेला दिला. आपल्याकडे गूळ देतात तसा यांच्याकडे पापड. घरदार टाकून आलेली ती म्हातारी आणि तिला मला नुसतं पाणी द्यायचा संकोच. मी पापड खाल्ला आणि न लागणारं कापडही घेतलं.

मोटारींचे मालक तिथेच भेटले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. धिप्पाड माणूस, आवाज मात्र बारीक.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "तळेगावची गाडी आमचे करीमभाई चालवतात. ती कधी चुकत नाही. चाकणची सोपान चालवतो, ती महिनाभर रोज उशिरा. सातला कारखान्याचं फाटक बंद होतं. गाडी उशिरा आली की आतल्या सगळ्यांचा अर्धा दिवस बुडतो. लोकांनी अर्ज दिलाय माझ्याकडे. मला सोपानला चाकावरून उतरवायचाय. यार्डात गाड्या धुईल. पण जुना माणूस आहे, उगाच उतरवला असं कुणी म्हणायला नको. तुम्ही मोजा आणि कागदावर लिहून द्या."

"मोजल्यावर जे निघेल ते लिहीन," मी म्हटलं.

"निघणार काय आहे दुसरं," अण्णा म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही काम सोपंच वाटलं होतं.

तळेगावची वाट

करीमभाई पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा सदरा, तोंडात लवंग. बाई माणूस ड्रायव्हरशेजारी बसणार म्हटल्यावर गाडीतल्या कामगारांत कुजबुज सुरू झाली. मी सरकारी असून ड्रायव्हरांचे परवाने तपासायला आले आहे, असं शेवटी सर्वानुमते ठरलं.

"माझ्या पायालापण मार्क देणार म्हणे तुम्ही?" करीमभाईंनी विचारलं. "आधी सांगायचं होतं, नवे बूट घातले असते."

गाडी काय चालवतो तो माणूस! गिअर कधी बदलला ते पोटातल्या पाण्यालाही कळत नव्हतं. डाव्या हाताला रेल्वे, उजवीकडे डोंगर, मधून सरळ डांबरी रस्ता. समोर सायकल दिसली की भोंग्याचा एक छोटा आवाज, सायकल बाजूला, गाडी पुढे. दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर. फाटकाशी पोचलो तेव्हा सातला चांगली दहा मिनिटं बाकी होती. माझे पाचही रकाने गुणांनी भरले. मला पेपर तपासताना हुशार मुलीची वही हाती लागल्यासारखं वाटलं.

चाकणची वाट

चाकणची गाडी पहाटे निघते, म्हणून आदल्या संध्याकाळी तिकडे जाऊन तिथल्या शाळेतल्या बाईंकडे मुक्काम केला. सकाळी सोपानराव दिसला. चाळिशीचा, काटकुळा, अंगात खाकी कोट. लढाईच्या दिवसांत लष्कराची लॉरी चालवलेला. मी माझं काम समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं आणि "व्हय" म्हणाला. पिंपरी येईपर्यंत तेवढा एकच शब्द.

आणि त्याचं चालवणं! दर शंभर पावलांवर ब्रेक. समोर चिटपाखरू नसताना ब्रेक. निवडुंगाचं कुंपण आलं की ब्रेक. मी लिहिलं: विनाकारण ब्रेक. मग लिहायचा कंटाळा आला म्हणून नुसत्या रेघा ओढत गेले, मधे पूल आला तेवढी एक खूण केली, तर पानभर रेघा. महिनाभर कांद्याचा हंगाम चालू होता. चाकणच्या बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्यांची समोरून रांग. रस्ता एवढा अरुंद की दोघांपैकी एकाचं चाक मातीत उतरणारच. अशा वेळी भोंगा वाजवावा की नाही? या गृहस्थानं अख्ख्या वाटेत भोंग्याला हात लावला नाही. उलट, समोर बैलगाडी आली की उजवा हात चाकावरून काढून खुशाल खिडकीबाहेर सोडायचा. गाववाले, ओळखीचे, त्यांना हात करत असेल. मी लिहिलं: चालवताना वाटेत रामराम. हाताचे गुण गेले.

मागून कामगार ओरडत होते. त्यात नामदेव नावाच्या फिटरचा आवाज सगळ्यांच्या वर. अर्जावर पहिली सही त्याचीच होती. "सोपानराव, गाडी हाकतायसा का वरात काढलीया?" सोपानरावानं मान वळवली नाही.

फाटक आमच्यासमोर बंद झालं. पहारेकऱ्यानं आतून अडसर घातला आणि गाडीतली ती सगळी माणसं डबे हातात घेऊन तशीच उभी राहिली. नामदेव माझ्यापाशी आला. "लिवा बाई," तो म्हणाला, "हेबी लिवा. धाकटी आजारी हाय माझी. अर्धा दिस गेला म्हंजे काय व्हतं ते तुमच्या कागदात बसतंय का बगा."

मला सोपानरावाचा असा राग आला म्हणता. मी त्याला तिथेच सुनावलं, "तुम्ही भोंगा का वाजवत नाही? एवढे ब्रेक कशासाठी?"

तो गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाला, "सवय हाय बाई." आणि मग जरा थांबून, "मला उतरवणार का?"

"ते अण्णा ठरवतील," मी म्हटलं.

बाजारचा दिवस

दोन्ही तक्ते शेजारी ठेवले. तुलना कसली, सोपानराव सगळ्याच रकान्यांत सपशेल नापास. अण्णांना दुसऱ्या दिवशी कागद द्यायचा होता. हाताशी एक दिवस होता, म्हणून चाकणचा भुईकोट बघायला गेले. तट ढासळलेला आहे, खंदकात शेरडं चरतात. खरी गंमत बाजारात. कांद्याचे ढीग माणसाच्या उंचीचे, व्यापारी आणि शेतकरी उपरण्याखाली बोटं धरून भाव करतात, तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा. आमच्या संत्र्याच्या बाजारात एवढा आरडाओरडा असतो, इथे निम्मा व्यवहार मुक्यानं. मी गरम भजी खाल्ली, जीभ भाजून घेतली आणि परतायला प्रवाशांच्या मोटारीपाशी आले तर मोटार खच्चून भरलेली. माझ्या डोळ्यांदेखत कंडक्टरनं दार लावून घेतलं.

उन्हात उभी होते. बाजार करून निघालेल्या एका म्हाताऱ्यानं बैलगाडी थांबवली. "कुटं जायाचं बाई? मोशीपातुर सोडतो. बसा."

म्हाताऱ्याचं नाव बाबाजी. गाडीत पेंडीचं पोतं होतं, त्यावर मी बसले. गाव मागे पडलं तसा म्हातारा म्हणाला, "पहाटं दोनला उठलोय. बैलास्नी वाट ठावं हाय." आणि खरोखर, कासरा मांडीखाली दाबून तो आडवा झाला आणि घोरायला लागला. आपल्याकडे गाडीवान डुलक्या घेतात, पण असं घर समजून झोपलेला मी पाहिला नव्हता. मागेपुढे पाहिलं तर सगळ्याच गाड्यांवर माणसं आडवी आणि बैल आपले चाललेले.

तेवढ्यात समोरून एक लॉरी आली आणि तिनं भोंगा वाजवला. बैल असे उधळले की गाडीचं एक चाक चारीत गेलं, मी पोत्यावरून खाली आणि म्हातारा माझ्या अंगावर. लॉरी धूळ उडवत निघून गेली. बाबाजीनं तिला दोन शिव्या हासडल्या, बैलांना थोपटलं, दोघांनी मिळून चाक वर काढलं. माझं कोपर फुटलं होतं. म्हातारा पाच मिनिटांत परत घोरू लागला.

मी आता डोळे ताणून रस्त्याकडे बघत होते. लांबून आणखी एक मोटार दिसली आणि मी गाडीचं लाकूड घट्ट धरलं. पण ही मोटार लांबूनच हळू झाली. जवळ आली तेव्हा कळलं, ती कामगारांना घेऊन चाकणला परतणारी सोपानरावाची गाडी होती. त्याचा उजवा हात खिडकीबाहेर आला आणि त्यानं दाराच्या पत्र्यावर थाप मारली. थप, थप, थप. बैलांनी कान हलवले आणि अगदी सावकाश डावीकडे सरकले. आमचं एक चाक मातीत, त्याचं एक चाक मातीत. दोन्ही गाड्या शेजारून गेल्या. बाबाजीचं घोरणंही थांबलं नाही. सोपानरावाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, तो बैलांच्या डोळ्यांकडे बघत होता.

माझी मलाच लाज वाटली. इंजिनाच्या घरघरीत मला शेजारी बसूनही ती थाप ऐकू आली नव्हती, आणि वाटेत रामराम, असं लिहिलं होतं मी.

थोडं पुढे निवडुंगाच्या कुंपणापाशी बाबाजी जागा झाला, कारण तिथे त्याला शेतात वळायचं होतं, पाणी प्यायला. परत रस्त्यावर येताना मला पहिल्यांदा दिसलं की कुंपणाआडून निघणाऱ्या गाडीवानाला रस्ता दिसतच नाही. बैलांची तोंडं रस्त्यावर येतात तेव्हा माणूस अजून निवडुंगामागे असतो. मोटारीच्या सीटवरून जिथे चिटपाखरू नव्हतं, तिथे अशा वाटा होत्या. मी वही काढली. माझ्या रेघा आणि या वाटा, इंद्रायणीच्या पुलापर्यंत मोजत गेले. जवळजवळ सगळ्या जुळल्या.

"त्या खाकी कोटवाल्याची थाप वळखत्यात बैलं," बाबाजी म्हणाला. "मागल्या साली दुसऱ्या एका मोटारीनं आमच्या भावकीतली गाडी उलथी केली. बैलाचा पाय गेला. ह्यो माणूस आल्यापून आमी झोपतो. पण आमचा नामदेव रोज शिव्या देतो त्याला. चाकणला बिऱ्हाड हाय त्याचं, त्याच मोटारीनं जातो तो."

"नामदेव फिटर तुमचा मुलगा?" मी विचारलं.

"व्हय. का?"

अदलाबदल

अण्णांना मी कागद दिला नाही. "तुलना चुकीची झाली," मी सांगितलं. "दोन माणसं दोन वेगळ्या रस्त्यांवर मोजली. एक दिवस गाड्या बदला."

"बाई, तुम्ही मला कागद देणार होतात."

"देणार आहे. पण खोटा देणार नाही."

अण्णांनी बराच वेळ कपाळाला आठ्या घातल्या. करीमभाई बाजूलाच उभे होते, ते म्हणाले, "बदलू द्या अण्णा. मलापण बघायचंय हा सोपान एवढा वेळ कुठं घालवतो ते."

सोपानराव तळेगावच्या रस्त्यानं फाटक बंद व्हायच्या आत पोचला. करीमभाईंएवढा लवकर नाही, झोकात तर मुळीच नाही, पण वेळेत. मी चाकणच्या गाडीत करीमभाईंशेजारी होते. पहिल्याच बैलगाडीला त्यांनी भोंगा दिला, तसाच छोटा, अदबीचा. बैल बांध ओलांडून शेतात, कांदे रस्ताभर. कामगार उतरले आणि कांदे वेचायला लागले. दुसऱ्या गाडीपाशी करीमभाईंनी भोंगा दिला नाही, नुसते थांबून राहिले. बैलही थांबून राहिले. एकमेकांकडे बघत उभे दोघेही. फाटकाशी पोचलो तेव्हा सात वाजून किती झाले ते सांगत नाही, करीमभाईंची इज्जत आहे.

त्यांनी गाडीतून उतरून रुमालानं मान पुसली आणि सरळ अण्णांकडे गेले. "या रस्त्यावर सोपानला उतरवून मला बसवायचं असेल तर मी घरी बसतो," ते म्हणाले. "त्याचं काम मला येत नाही."

"ठीक आहे, माणूस चांगला," अण्णा म्हणाले. "पण अर्धा दिवस तर बुडतोच ना लोकांचा? त्याचं काय? चांगुलपणासाठी फाटक उघडं राहतं का?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण सेकंदाचं घड्याळ माझ्याकडे होतं. गाडी वीस मिनिटं आधी सोडली तर सोपानराव त्याच्या त्याच वेगानं वेळेत पोचत होता. सुटायची वेळ तळेगावच्या रस्त्याच्या हिशेबानं ठरवली होती, एवढंच. मी सोपानरावाला विचारलं, तुम्ही हे कधी बोलला का नाहीत? तो म्हणाला, "मालकांचं टायम. आमी काय बोलायचं?"

अण्णा म्हणाले, "लोक तयार असतील तर सोडा आधी. नसतील तर सोपान उतरला. उद्या काय ते दिसेल."

संध्याकाळी सोपानरावच आपली गाडी घेऊन चाकणला परतला. गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं होतं लोक आनंदानं डोलतील. लोक डबे या हातातून त्या हातात घेत उभे राहिले. मग नामदेव पुढे आला.

"वीस मिन्टं म्हंता तुमी. माझी बायको कवा उठती म्हाईत हाय? चारला. दळण, पाणी, भाकरी. तिनं आता साडेतीनला उठायचं, ते ह्या माणसाला बैलांची दया येती म्हणून?"

खोटं नव्हतं त्याचं. माझ्या तक्त्यात तीही बाई नव्हती. मी तसंच म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. मी जबरदस्ती करायला आले नाही. फक्त एवढं सांगते, कालच्या आदल्या दिवशी याच गाडीसमोरून एक म्हातारा बैलगाडीत झोपून चालला होता. त्याच्या गाडीत मी होते. तुमचे वडील होते ते."

नामदेवनं सोपानरावाकडे पाहिलं. सोपानराव इंजिनाचं झाकण उघडून उगाच आत बघत होता. "घरी इचारतो," नामदेव म्हणाला आणि डबा उचलून निघून गेला.

शेवटची सकाळ

शाळेतल्या बाईंकडे मला झोप कसली. पहाटे मी थांब्यावर पोचले तेव्हा सोपानराव आधीच आलेला होता. काचा पुसून झाल्या होत्या, त्या परत पुसत होता. थांब्यावर कुणीही नव्हतं. ठरलेल्या वेळेला पाच मिनिटं राहिली. मी देवाचं नाव सहसा घेत नाही, त्या दिवशी घेतलं.

आधी दोघे आले. मग चौघांचा घोळका. मग बोळाबोळांतून माणसं येऊ लागली, कुणाचे डोळे अजून मिटलेले, कुणी सदरा चालताना घालतोय. गाडी भरली. नामदेव नव्हता. सोपानरावानं इंजिन सुरू केलं आणि तसाच थांबला. "निघा की," मागून कुणीतरी म्हणालं. तो निघाला नाही.

नामदेव धावत आला. पायरीवर चढताना त्यानं फडक्यात बांधलेली भाकरी ड्रायव्हरच्या मांडीवर ठेवली. "बायकोनं दिलीया," तो म्हणाला. "म्हणाली, उठायचंच हाय तर एक जास्त थापते." आणि मागे जाऊन बसला.

त्या दिवशीही ब्रेक तेवढेच लागले, दारावर थापा तेवढ्याच पडल्या. मागून कुणी ओरडलं नाही, निम्मी गाडी झोपली होती. इंद्रायणीच्या पुलावर उजाडलं. पिंपरीला पोचलो तर फाटक सताड उघडं आणि अण्णा घड्याळ घेऊन उभे. माणसं त्यांच्यासमोरून आत गेली, शेवटच्या माणसापर्यंत. मग अण्णांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यावर लिहिलं होतं की चाकणच्या रस्त्यासाठी याहून चांगला ड्रायव्हर माझ्या पाहण्यात नाही, आणि ज्या पाच रकान्यांनी मी त्याला मोजायला निघाले होते ते अपुरे आहेत. अण्णांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि "वेळ बदलून घेतो" म्हणून ऑफिसाकडे गेले.

सोपानराव गाडीपाशी उभा होता. "बाई," त्यानं विचारलं, "म्हंजे गाडी माझ्याकडंच ऱ्हाती?"

"राहते," मी म्हटलं.

तो वर चढला, आपल्या जागी बसला. इंजिन बंद होतं, गाडी रिकामी होती, संध्याकाळपर्यंत कुठे जायचंही नव्हतं. त्यानं दोन्ही हात चाकावर ठेवले आणि तसाच बसून राहिला.